कंसातलं बोलणं

१९९३ सालच्या उन्हाळ्यात एका सकाळी मावशींनी स्वयंपाकघरातला नळ सोडला. पाणी गेलेलं होतं. नळ बंद करायचा राहिला आणि त्या आतल्या खोलीत जाऊन पडदे शिवायला बसल्या. एवढ्याशा गोष्टीवरून पुढचा सगळा घोळ झाला.

यथावकाश पाणी आलं. मोरीच्या जाळीवर नेमकी घासणी जाऊन बसली होती, त्यामुळे ते खाली न जाता घरभर हिंडलं. खालच्या मजल्यावर एक वकील राहत. ते आरामखुर्चीत पेपर वाचत असताना छतातून पहिला थेंब बरोबर त्यांच्या टकलावर पडला. वकील वर धावले. त्यांनी घंटा वाजवली, दार बडवलं, लाथा घातल्या. जिन्यातली माणसं जमली, त्यांनीही बडवून पाहिलं. शेवटी कुणीतरी मावशींच्या थोरल्या भावाला बोलावून आणलं, कारण दुसरी किल्ली दादांकडे असे. दादांनी दार उघडलं तेव्हा घोटाभर पाण्यात एक चप्पल आणि पिवळ्या कापडाचा तुकडा शांतपणे तरंगत होता आणि आतून शिवणयंत्राचा घरघराट येत होता.

मावशींनी मान वळवली. दारात भाऊ, वकील आणि अर्धी इमारत.

"अगंबाई, आज सगळे एकदम?" त्या म्हणाल्या. "बसा, चहा टाकते."

मावशींना ऐकू येत नसे. नवव्या वर्षी ताप येऊन गेला, तो जाताना कान घेऊन गेला. बोलायला त्या तोवर शिकलेल्या होत्या. पण आवाज सपाट आणि खणखणीत, त्यामुळे घरच्यांना कळे, परक्यांना सवय करावी लागे. लग्न केलं नाही. पडदे शिवायच्या. झालरीचे, दुहेरी अस्तराचे, कड्यांवर सरकणारे. त्यांच्या दोन खोल्यांतली एक खोली पूर्ण एका लांबलचक टेबलानं व्यापली होती, कारण पडद्याचं कापड लांबीत कापायचं तर टेबल लांब हवं. गावातल्या निम्म्या खिडक्या त्यांनी झाकल्या होत्या असं म्हणायला हरकत नाही.

समोरच्याच्या ओठांवरून त्यांना बोलणं कळे. आणि ते कळतं हे घरच्यांना ठाऊक असल्यामुळे घरात एक पद्धत पडून गेली होती. मावशींच्या कानावर, म्हणजे डोळ्यांवर, जे जाऊ द्यायचं नाही ते तोंड फिरवून बोलायचं. दादा वर्तमानपत्र आडवं धरत. वहिनी कपाट उघडून त्यात बोलत. सगळ्यांत लहान बहीण, जिला घरात धाकटी म्हणत, ती रुमालात खोकल्याचं नाटक करून खोकल्यातच दोन वाक्यं उरकून घेई.

"काय म्हणालात?" मावशी विचारायच्या.

"काही नाही गं. गॅसचं बोलतोय," दादा म्हणायचे.

"गॅसचं बोलायला भिंतीकडे तोंड कशाला करावं लागतं?"

मावशींची खात्री होती की भिंतीकडे तोंड करून जे बोललं जातं त्यातच जगातलं सगळं महत्त्वाचं असतं.

नळाच्या प्रकारानंतर दादांच्या दिवाणखान्यात बैठक भरली. दादा पेपरामागे गेले, वहिनी कपाटात, धाकटीला खोकला लागला. मावशी मध्ये बसून सगळ्यांच्या पाठी बघत होत्या. शेवटी दादांनी पेपर खाली घेतला.

"हे बघ, एकटं राहणं आता पुरे. नळावर निभावलं. उद्या आग लागली तर? आमची मागची खोली मी रिकामी करतो."

"माझं टेबल मावेल का त्यात?"

"टेबल कशाला? जन्मभर शिवलंस. आता आराम कर."

"आराम करून काय करू?"

"म्हणजे काय? आराम करताना काही करायचं नसतं."

दादा वाईट नव्हता. तो एकदा काळजी करायला लागला की मग समोरच्याला जगणं कठीण व्हायचं, एवढंच. मागची खोली म्हणजे टेबल नाही, टेबल नाही म्हणजे पडदे नाहीत, आणि पडदे नाहीत म्हणजे सकाळी उठायचं कशासाठी?

त्याच आठवड्यात यंत्र आलं.

ऐकू न येणाऱ्यांसाठी राज्य सरकारची एक योजना निघाली होती. मावशींनी वर्षभरापूर्वीच नाव घातलं होतं आणि सरकारी काम म्हणून विसरूनही गेल्या होत्या. तर एके दिवशी एक माणूस खोकं घेऊन हजर. त्यानं दाराच्या घंटेला आणि फोनला एक दिवा जोडला. कुणी आलं की तो लुकलुकायचा. आणि फोनशेजारी एक टंकयंत्रासारखं यंत्र ठेवलं. त्याला वर एक अरुंद काळी पट्टी होती. तिच्यावर हिरवी अक्षरं उजवीकडून उगवत आणि डावीकडे मावळत.

"तुम्ही इथं टाइप करायचं," तो सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाला. "ते आमच्या जोडसेवेतल्या बाईंना दिसतं. त्या पलीकडच्याला ते वाचून दाखवतात. पलीकडचा बोलेल ते त्या टाइप करतात, ते तुम्हाला इथं दिसतं. आपलं झालं की शेवटी ‘बोला’ म्हणायचं, म्हणजे दुसऱ्याला कळतं."

"म्हणजे मध्ये एक बाई सगळं ऐकणार?"

"ऐकणार, पण कुणाला सांगणार नाही. शपथ घेतलेली असते. आणि आपल्या पदरचं काही घालणार नाही, तुमच्यातलं काही गाळणार नाही. जे ऐकू येईल ते सगळं लिहायचं, असा नियम आहे. आजूबाजूचंसुद्धा. तुम्ही तिथं असता आणि कान असते तर जे ऐकलं असतं, ते सगळं."

तेवढ्यात आलेल्या दादांनी यंत्राकडे पाहिलं, यंत्रानं काही दादांकडे पाहिलं नाही. "ठीक आहे," ते म्हणाले. "महिनाभर बघू. अडीनडीला हे चाललं तर राहा इथं. नाही चाललं तर मुकाट्यानं माझ्याकडे यायचं."

दुसऱ्या दिवशी मावशींनी पहिला फोन लावला.

दादांनी रिसीव्हर उचलला. पलीकडून एक मंजुळ, एकसुरी आवाज सांगू लागला, की ही जोडसेवा आहे, आपल्यासाठी ऐकू न येणाऱ्या व्यक्तीचा फोन आहे, आपल्याकडून जे जे ऐकू येईल ते सगळं लिहिलं जाईल. तेवढ्यात वहिनींनी आतून "कोणाय?" असं विचारलं आणि दादा "थांब गं" म्हणाले, त्यात ते सगळं वाहून गेलं.

"दादा, मी बोलतेय. बोला," मंजुळ आवाज म्हणाला.

"कोण आपण?"

"तुझी बहीण. बोला."

"धाकटे, आवाजाला काय झालंय तुझ्या? सर्दी का?"

"धाकटी नाही, मधली. बोला."

"अहो बाई, थट्टा करू नका. माझ्या मधल्या बहिणीला ऐकू येत नाही."

"गाढवा, मीच आहे. यंत्रावरून. बोला."

दादा दचकले. त्यांचा जन्म नोकरीत गेला होता, पण इतक्या अदबीनं त्यांना गाढव कुणी म्हटलं नव्हतं. बहीणच ती, याबद्दल आता शंका उरली नाही. त्यांनी सवयीनं तोंड फोनपासून भिंतीकडे फिरवलं आणि वहिनींशी दोन शब्द बोलून घेतले.

तिकडे मावशींच्या पट्टीवर अक्षरं चालू लागली: "हो हो, ओळखलं. कशी आहेस? (फोनपासून लांब: अगं, तिचं यंत्र खरंच लागलं की!) (मागून बाईंचा आवाज: मग तिनं दिलेले पडदे काढा बाहेर आणि लावा. रविवारी येतेय ना ती? तो पिवळा रंग बघितला की माझं डोकं उठतं.) काही नाही, गॅसचं बोलत होतो. बोला."

अक्षरं मावळून गेली. मावशी रिकाम्या पट्टीकडे बघत राहिल्या. ते पिवळे पडदे त्यांनी वहिनींना भेट म्हणून दिले होते, तिहेरी झालर लावून. वाईट वाटलं. पण वाईट वाटून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की भिंतीकडे तोंड करून बोललेलं एक अख्खं वाक्य आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या हाती लागलंय. त्या हुरळून गेल्या.

"रविवारी येते. बोला," एवढंच त्यांनी टाइप केलं.

मग त्या कशा ना कशा निमित्तानं फोन करू लागल्या. सुई कुठल्या दुकानात मिळते, आज वार कोणता. दादांना वाटलं, यंत्राचा सराव चाललाय. मावशी कंसांची वाट बघत बसायच्या.

आणि खरं सांगायचं तर कंसांनी त्यांची निराशा केली. "(मागून: गॅस संपत आलाय, नंबर लावा.)" म्हणजे खरोखरच गॅसचं बोलत होते तर! "(फोनपासून लांब: माझे मोजे कुठायत?) (मागून: काल भिरकावलेत तिथंच.)" ज्या गुपितांसाठी मावशी जन्मभर जळत आल्या होत्या, ती ही. पण मधूनच काही वेगळंही येई. "(कुठंतरी कुत्रं भुंकतंय.)" "(दार करकरलं.)" "(कुणीतरी शिंकलं. दोनदा.)" शिंकेवर मावशी थबकल्या. आजवर त्यांना माणसांनी पुष्कळ काही सांगितलं होतं. पण आत्ता कुणी शिंकलं, हे मुद्दाम सांगायचं कुणाला सुचलं नव्हतं. जोडसेवेतल्या त्या न पाहिलेल्या बाईबद्दल त्यांना एकदम माया वाटली.

इथवर सगळं ठीक होतं. पण कळलेलं गुपित नुसतं जवळ ठेवून बसणं माणसाला जमत नाही, आणि मावशींना तर सवयच नव्हती.

रविवारी त्या निळं कापड घेऊनच दादांकडे गेल्या. दिवाणखान्यात पिवळे पडदे घाईघाईनं लावलेले दिसत होते, एक तर उलटाच होता.

"वहिनी, उतरवा ते. पिवळ्यानं डोकं उठतं ना तुमचं? निळे शिवून देते."

वहिनींनी हातातली कपबशी खाली ठेवली. "कोण म्हणालं असं, वन्सं?"

मावशींनी कानाला बोट लावलं आणि डोळा मिचकावला. "कळतं मला."

तेवढं एक बोट आणि तो एक डोळा आवरला असता, तर पुढचं टळलं असतं.

त्या संध्याकाळी वहिनींनी दादांशी अबोला धरला, कारण चुगली दुसरं कोण करणार? दादांनी धाकटीवर संशय घेतला. धाकटी म्हणाली, "मला काय करायचंय तुमच्या पडद्यांशी?" आणि दोन दिवसांनी तिच्याकडे गेलेल्या मावशी सहज म्हणाल्या, "नवा फ्रिज कुठं लपवलास? बघू तरी."

धाकटीला यावेळी खराखुरा खोकला लागला. फ्रिजची गोष्ट तिनं फक्त नवऱ्याला बजावली होती, ‘ताईला इतक्यात सांगू नका, तिला वाटेल हिच्याकडे बरं जमतं’ म्हणून. आणि तेही फोनचा रिसीव्हर हातात असताना, तोंड पार दुसरीकडे करून.

मग कुटुंबानं प्रयोग करून पाहायचं ठरवलं. फोन आल्यावर वहिनी स्वयंपाकघरात, थेट मागच्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

मावशींच्या पट्टीवर आलं: "(खूप लांबून, कुजबुज: इथून नाही ना कळणार तिला?) (पुरुषाचा आवाज, ओरडून: नाही!) काही नाही, गॅसवाला आलाय. बोला."

मावशी पोट धरून हसल्या, आणि पुढच्या भेटीत जाता जाता म्हणाल्या, "वहिनी, कुजबुजायला इतक्या आत कशाला जाता? दिवाणखान्यात बसूनच कुजबुजा."

त्या गेल्यावर दार लागलं.

"अहो," वहिनी हळूच म्हणाल्या, "त्यांना ऐकू येतं."

"वेड लागलंय का तुला?"

"वेड कसलं? स्वयंपाकघरातलं ऐकू आलं त्यांना. तेही त्यांच्या घरी बसून! तुम्हाला तरी येतं का इतकं?"

धाकटीला तातडीनं बोलावलं. तिलाही पटलं. "डॉक्टर म्हणायचे ना, कधी कधी आपोआप सुधारतं!"

"पण कधीपासून?" दादा म्हणाले.

आत्तापासून, की वर्षभरापासून, की पहिल्यापासूनच? प्रत्येकाला आपण भिंतींना, कपाटांना आणि रुमालांना आजवर काय काय सांगितलं ते आठवू लागलं. वहिनींनी तर डोक्याला पदरच गुंडाळून घेतला.

धाकटी मनानं सरळ. तिला खरोखर आनंद झाला होता. तिनं सकाळी उठून योजनेच्या कचेरीत फोन केला: आमच्या ताईचे कान परत आले हो, ते यंत्र आता एखाद्या गरजूला द्या.

सरकारी कचेरीतलं काम एरवी कसं चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. द्यायला वर्ष लागलेलं यंत्र परत न्यायला कचेरीतले साहेब स्वतः त्याच आठवड्यात आले. बरोबर रिकामं खोकंही आणलं होतं. मागोमाग दादा आणि धाकटी आली.

"ऐकू यायला लागलं तर चांगलंच झालं की," दादा मावशींसमोर उभं राहून म्हणाले. "पण मग नळाचं पाणी का ऐकू आलं नाही? म्हणजे कान ठीक असून लक्ष ठिकाणावर नाही. ते तर जास्तच वाईट. चल माझ्याकडे."

बहिरी असो की नसो, सगळे रस्ते मागच्या खोलीतच जात होते.

साहेबांनी तपासणी सुरू केली. मावशी पडद्याला टाचण्या लावत असताना ते हळूच मागे गेले आणि त्यांनी स्टीलचं ताट जमिनीवर आपटलं. धाकटी किंचाळली. खालून वकील धावत आले, "आता काय पडलं?" मावशींनी पुढची टाचणी लावली.

"सोंग आहे," दादा म्हणाले. "सराव आहे तिला."

साहेबांनी मान हलवली आणि खोकं उघडलं. ते मात्र मावशींना दिसलं. त्या ताडकन उठल्या आणि यंत्रावर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या.

"हात लावायचा नाही! मला ऐकू येत नाही. वाचता येतं. तुम्ही फोनवर तोंड फिरवून जे बडबडता ना, ते सगळं यात येतं. कंसात!"

"कंसात?" दादा म्हणाले.

"कंसात?" धाकटी म्हणाली, आणि तिला फ्रिज आठवला.

"काहीतरीच," दादा म्हणाले. "तोंड फिरवल्यावर कसं येईल?"

साहेबांनी जोडसेवेला फोन लावला. "बाई, या घरचे फोन तुम्हीच घेता ना? मागून बोललेलं तुम्ही यांना लिहून कळवलंत का, एवढंच सांगा."

"कुणाच्याही संभाषणाबद्दल काही सांगता येत नाही, साहेब. नियम आहे."

"अहो, तो नियम मीच केलाय!"

"म्हणूनच पाळतेय, साहेब."

साहेबांनी रिसीव्हर खाली ठेवला. पेच पडला. मग त्यांना युक्ती सुचली. "असं करा मावशी. माझ्याच कचेरीत लावा. मी आहे का म्हणून विचारा. आपण प्रत्यक्षच बघू."

मावशींनी फोन लावला. सगळे यंत्राभोवती वाकले, वकीलसुद्धा. हिरवी अक्षरं चालू लागली.

"साहेब फिरतीवर गेलेत. (फोनपासून लांब, हसत: फिरतीवर कसले! असतील कुठंतरी सावलीत आडवे. मागं तर एका घरी तपासणीला गेले आणि त्या लोकांच्याच पलंगावर दुपारचे झोपले.) (मागून दुसरा आवाज: घोरले पण म्हणे.) निरोप ठेवायचाय का? बोला."

अक्षरं सावकाश मावळली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. मग खोक्याची झाकणं एकेक करून मिटली.

"यंत्र उत्तम चाललंय," ते म्हणाले. "आणि सगळं लिहिलं जाईल हे प्रत्येक फोनच्या सुरुवातीला सांगतात. आपण ऐकलं नाहीत?"

दादा आणि धाकटी एकमेकांकडे बघू लागले. त्या घरात कान असलेल्यांपैकी कुणीच ते ऐकलं नव्हतं.

"तुमच्या कचेरीत असतील अशी माणसं," दादा सावरून म्हणाले. "आमच्याकडे काही कुणी मागून..."

दिवा लुकलुकला. वहिनींचा फोन होता. पट्टीवर आलं: "वन्सं, हे तिथं आहेत का हो? जेवायला येणार की नाही ते विचारा, शेजारीण येऊन बसलीय. (फोनपासून लांब: बघ ना गं, गुडघे धरून बसतात आणि रोज संध्याकाळी पाय मोकळे करतो म्हणून तिच्या खिडकीखाली जाऊन उभे राहतात. दिवा लागलेला दिसला की मग परत. मला काय कळत नाही? त्या नळापासून धड झोपलेले नाहीत.) (दुसऱ्या बाईंचा आवाज: मग तिला सांगत का नाहीत?) (पहिल्या बाई: लाज वाटते.) बोला."

साहेब खोक्याकडे बघत होते, वकील आपल्या टकलावरून हात फिरवत होते. दादांनी जन्माच्या सवयीनं भिंतीकडे तोंड केलं. त्यांची पाठ तेवढी दिसत होती, आणि लाल झालेले कान.

मावशी उठल्या. भिंत आणि दादा यांच्यामध्ये होती तेवढ्या जागेत अंग चोरून जाऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या ओठांकडे बघत म्हणाल्या, "आता बोल."

मग ते म्हणाले, "तू दिवा फार उशिरा लावतेस. उभं राहून राहून माझे पाय मोडतात."

"मग वर यायचं. दिवा लुकलुकला असता. चहा टाकला असता."

"सवय नाही गं."

"करू सवय."

यंत्र अजून वाट बघत होतं. मावशींनी टाइप केलं, "आहेत इथंच. चहा पिऊन येतील. निळे पडदे आवडले का? बोला."

"छान आहेत हो, वन्सं! (फोनपासून लांब: पिवळेच बरे होते गं.) बोला."

धाकटीला जो खोकला लागला तो बराच वेळ थांबला नाही.

या सगळ्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मागची खोली रिकामी झालीच नाही. मावशी त्यांच्याच घरी, त्यांच्याच टेबलावर पडदे कापत राहिल्या. दादा रोज संध्याकाळी येत, घंटा वाजवत, दिवा लुकलुके. वकिलांनी स्वतः येऊन मोरीची जाळी बदलून दिली. म्हणाले, यंत्रावर त्यांचा विश्वास आहे, घासणीवर नाही.

साहेबांनी कचेरीत कुणाला काही बोलून दाखवलं नाही, पण तपासणीला गेल्यावर ते खुर्चीतसुद्धा टेकेनात. निवृत्त होईपर्यंत त्यांच्या योजनेतून त्या भागात कितीतरी घरांत दिवे लुकलुकू लागले. धाकटीनं फ्रिज दाखवला. मग ती प्रत्येक नवी वस्तू आधी मावशींना दाखवी आणि नवऱ्याला नंतर.

जोडसेवेतल्या बाई पुढे नव्या मुलींना शिकवायला लागल्या. एकदा मावशींकडे एक अनोळखी बाई पडद्यांचं कापड घेऊन आली. पिवळं. मावशी म्हणाल्या, झालर लावते, शोभेल. तेव्हा ती हसून म्हणाली, "नको. आपल्या पदरचं काही घालू नका, यातलं काही गाळू नका." मावशींनी तिच्या ओठांकडे पाहिलं, मग डोळ्यांकडे. दोघींपैकी कुणी काही विचारलं नाही. नियम होता. पण त्या पडद्यांची शिलाई मावशींनी घेतली नाही.

आणि दादा? म्हातारपणी दादांना ऐकू येईनासं झालं. पुरुषमाणूस, वर्षभर कबूलच करेना. मग स्वतःच योजनेत नाव घालून आले. त्यांच्याकडेही यंत्र आलं. भावाबहिणीच्या फोनमध्ये आता मध्ये कुणी लागेना; इकडे टाइप करायचं, तिकडे दिसायचं. सोय झाली, पण मावशींना चुकल्यासारखं वाटे. नुसती सरळ वाक्यं यायची, कंसच नाहीत. एकदा त्यांनी तसं टाइप केलंही.

मग दादांकडून आलं, "(मागून बाईंचा आवाज: आता पुरे, जेवण गार होतंय.) बोला."

"तुला ऐकू आलं? बोला."

"नाही. पण इतकी वर्षं संसार केलाय, अंदाज आहे. बोला."

मावशी हसत उत्तर टाइप करायला लागल्या, तोच पट्टीवर पुन्हा अक्षरं उगवली. यावेळी ती भरभर येत होती, आणि दादांना इतक्या वेगानं टाइप करता येत नसे.

"(मागून बाईंचा आवाज: मी असलं काहीही म्हटलेलं नाही. पण आता म्हणते.) बोला, वन्सं."